रात्री तीनचा घाम

प्रश्न : सप्रेम नमस्कार, डॉक्टर. आम्ही लालबागला चाळीत राहतो. ह्यांचं वय ६४, पोस्टातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. डायबेटिस १९ वर्षांचा, इन्सुलिन दोन वर्षांपासून. रात्री १० वाजता लाँग ॲक्टिंग २८ युनिट, शिवाय सकाळ-संध्याकाळ गोळी. गेल्या दीड महिन्यात तीनदा असं झालं, की रात्री अडीच-तीनच्या सुमारास हे झोपेत बडबडायला लागले. हात लावला तर बनियन घामाने चिंब, अंग गार. एकदा मी उठवायला गेले तर माझा हात झिडकारला आणि ‘पार्सल कुठे ठेवलंय?’ असं मलाच दरडावून विचारू लागले. मशीनवर ५२ आली. देव्हाऱ्यातला पेढा भरवला, मग साखरपाणी दिलं, वीस मिनिटांनी भानावर आले. सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं. शेजारच्या वहिनी म्हणतात, त्यांच्या सासऱ्यांना हेच इन्सुलिन सकाळी असतं, तुम्हीही सकाळी घ्या. वेळ बदलली तर हे थांबेल का? की झोपताना दूध-बिस्किट देत जाऊ? हल्ली मीच झोपत नाही. तासातासाला उठून ह्यांच्या कपाळाला हात लावून बघते. — एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. रात्री ५२ शुगर होणाऱ्या माणसाला पुढच्या अंकापर्यंत थांबा म्हणता येत नाही. त्या फोनवर आणि नंतरच्या दोन फोनांवर आपलं जे बोलणं झालं ते तुमच्या परवानगीने इथे लिहिते आहे, कारण हाच प्रश्न थोड्याफार फरकाने दर महिन्याला माझ्या टपालात असतो आणि त्याचं उत्तर प्रत्येक घरी वेगळं निघतं.

तुम्हाला आठवत असेल, मी पहिलं काय विचारलं. खोक्यावर काय लिहिलंय ते अक्षर अक्षर वाचून दाखवा, असं म्हटलं होतं. तुम्ही जरा नाराज झालात. ‘लाँग ॲक्टिंग’ असं लिहिलंय की पत्रात! पण ‘लाँग ॲक्टिंग’ हे आडनाव झालं, मला नाव हवं होतं. आपल्याकडे पेशंट तीन निरनिराळ्या इन्सुलिनांना सर्रास लाँग ॲक्टिंग म्हणतात आणि रात्रीच्या वेळेबाबत तिघांचे कायदे तीन तऱ्हेचे आहेत.

पहिलं म्हणजे जुनं, दुधाळ दिसणारं एनपीएच. माझे वडील हेच घ्यायचे. वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली, माठाशेजारी ठेवलेली ती छोटी बाटली, आणि आई ती दोन्ही तळहातांमध्ये धरून हळूहळू फिरवायची. वीस वेळा, मोजून. जोरात हलवली की फेस येतो, आणि फिरवलीच नाही तर तळाचा साका तळालाच राहतो; मग एका दिवशी पाणी टोचलं जातं नि दुसऱ्या दिवशी नुसता साका. हे इन्सुलिन टोचल्यावर साधारण चार ते दहा तासांत चढून बसतं. संध्याकाळी ८ ला जेवणाआधी घेतलं तर त्याचा जोर येतो मध्यरात्रीनंतर, नेमका अशा वेळी की जेव्हा पोटातलं जेवण संपलेलं असतं आणि शरीराची इन्सुलिनची गरज सगळ्यात कमी असते. बाबांना रात्री दोन-अडीचला दरदरून घाम फुटायचा तो यामुळे. तेव्हाच्या डॉक्टरांनी तेच इन्सुलिन जेवणावरून काढून झोपताना, १०–१०.३० ला दिलं. जोर पहाटेकडे सरकला, आणि पहाटे यकृत आपणहून साखर सोडायला लागतं तेव्हा तो कामी आला. म्हणजे एनपीएचला औषध काय? उशिरा घेणं.

दुसरं ३०-७० चं मिश्रण, मुंबईत आजही घरोघर दिसणारं. यात ७० भाग तेच एनपीएच असतं, आणि ३० भाग लवकर चालणारं. याला ‘उशिरा’चा नियम लावायचा नाही. ते जेवणाशी बांधलेलं आहे. जेवून दोन तास झाल्यावर झोपताना ते टोचलं तर तीस भाग रिकाम्या पोटावर धावतो आणि सत्तर भाग मागाहून येतो. एका घरी मुलाने इंटरनेटवर ‘बेसल (म्हणजे लाँग ॲक्टिंग) इन्सुलिन झोपताना घ्यावं’ असं वाचलं आणि आईचं ३०-७० साडेदहाला द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या रात्री त्या बाई ॲम्ब्युलन्समध्ये होत्या.

तिसरं तुमच्या ह्यांचं, ग्लार्जिन. पाण्यासारखं स्वच्छ, पेनमधून घ्यायचं. हे पोटाच्या कातडीखाली जाऊन बारीक बारीक कणांसारखं साचतं आणि तिथून थेंबाथेंबाने सुटत राहतं. साधारण चोवीस तास पुरतं. कंपनीच्या कागदावर त्याच्या परिणामाची रेघ सपाट दाखवलेली असते. माणसात ती इतकी सपाट नसते. बऱ्याच जणांत पहिल्या अर्ध्या दिवसात थोडा फुगवटा असतो आणि शेवटच्या काही तासांत ती पातळ होते. रात्री १० ला घेतलं तर फुगवटा रात्रीत, सकाळी ८ ला घेतलं तर रात्र पातळ भागात. म्हणून तुमच्या शेजारच्या वहिनी चुकीचं सांगत नाहीत. ग्लार्जिन सकाळी दिल्यावर रात्रीच्या ‘लो’, म्हणजे शुगर फार खाली जाण्याच्या वेळा, कमी होतात हे अभ्यासांतही दिसलेलं आहे. आता बघा: एनपीएचवाल्याला उशिरा, ग्लार्जिनवाल्याला सकाळी, मिश्रणवाल्याला जेवणाच्या आधीच. म्हणून खोकं वाचायला लावलं.

खोक्याबरोबर मी सुईचंही विचारते. तुमच्याकडे पेन आहे, म्हणून हा भाग तुमच्यासाठी नाही; बाटलीतून घेणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे साध्या बाटल्या ४० च्या ताकदीच्या (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिन बहुतेक वेळा १०० च्या ताकदीचं असतं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून त्यातल्या इन्सुलिनच्या नळीतून, म्हणजे कार्ट्रिजमधून, लाल टोपणाच्या सिरिंजने ‘२० पर्यंत’ भरलं, तर आत ५० युनिट गेले. अडीचपट. हे मी स्वतः पाहिलंय, आणि चूक करणारी मुलगी बीएस्सी झालेली होती.

आता तुमच्याकडे येऊ. मी तुम्हाला दोन रात्री तीनचा गजर लावायला सांगितला. तुम्ही म्हणालात, गजर कशाला, मी जागीच असते. तुमच्या वहीतले आकडे असे: पहिल्या रात्री झोपताना १९८, तीनला ७१, सकाळी साडेसहाला ९२. दुसऱ्या रात्री १८४, ९६, १०१.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांना सकाळची ९२ फार आवडली असणार. मलाही आवडली असती, जर फक्त तेवढीच सांगितली असती. पण १९८ वरून ७१ म्हणजे पाच तासांत १२७ नी घसरण! लाँग ॲक्टिंगचं काम साधं आहे: माणूस उपाशी झोपलेला असताना शुगर जिथे आहे तिथे धरून ठेवणं. झोपताना १९० असेल तर सकाळी १५०–१६० च्या खाली ती फारशी जायला नको. ५० पेक्षा जास्त पडत असेल तर ओळखायचं, की हे इन्सुलिन रात्रीच्या जेवणाचा भारही वाहतंय. जेवणाचा भार आठवड्यातून दोन दिवस हलका झाला, की तोच डोस माणसाला खाली ओढतो. डोस जास्त आहे. घड्याळ नंतर.

तुम्ही इथे मला अडवलंत. म्हणालात, ‘पण डॉक्टर, २८ तर वर्षभर चालू आहे, तेव्हा काही झालं नाही.’ बरोबर. मग या दीड महिन्यात काय बदललं ते शोधायला लागलो आणि तुमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बाहेर आलं.

वाचकहो, या बाई कॅलेंडरच्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहितात. एक लिटर, दीड, खाडा. त्याच चौकोनांत खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, यजमान रोजचं इन्सुलिन लिहायचे. पोस्टातली शिस्त. फोन कानाला धरून बाईंनी ते मला वाचून दाखवलं: २८, २८, २८, ३२. मग २८, २८. मग ३४. मी म्हटलं, थांबा, ३२ च्या दिवशी काय आहे? त्या म्हणाल्या, संकष्टी.

सगळा उलगडा तिथे झाला. संकष्टीला दिवसभर उपास, साबुदाण्याची खिचडी दुपारी, आणि चंद्रोदय झाल्यावर जेवण. मुंबईत तो चंद्रोदय कधी नऊच्या आत, कधी दहाच्या जवळ. त्या रात्री मोदक, वरण-भात असं सगळं एकदम, आणि झोपताना शुगर २६०. यजमान घाबरले, आणि बाईंना न सांगता चार युनिट वाढवून घेतले. ३४ च्या दिवशी घरी पुतणीच्या साखरपुड्याचं जेवण होतं.

दादा, हा अंक तुम्हीही वाचाल म्हणून थेट तुम्हाला सांगते. झोपतानाच्या २६० ला लाँग ॲक्टिंगने उत्तर द्यायचं नसतं. ते इन्सुलिन आत्ताची साखर खाली आणायला तयारच झालेलं नाही. पहिले दोन-तीन तास ते नीट चालूही होत नाही. मोदकाची साखर एक वाजेपर्यंत आपोआप उतरायला लागते आणि तुमचे जादा चार युनिट त्यानंतर, शांतपणे, पुढचा अख्खा दिवस काम करतात. पोस्टातून तार येऊन गेल्यावर मागाहून पत्र पोचावं तसं. २६० ही त्या रात्रीपुरती २६० असू द्या. दोन-तीन दिवस सलग तसं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

आता उरलेली दोन कारणं. तुमच्या रिपोर्टांमध्ये क्रिएटिनिन (मूत्रपिंडं मंदावली की वाढणारा आकडा) वर्षभरापूर्वी १.१ होतं, आत्ताच्या कागदावर १.६ आहे. इन्सुलिनचा बराचसा निचरा मूत्रपिंडं करतात. ती मंदावली, की कालचा २८ आज २८ राहत नाही, अंगात जास्त वेळ रेंगाळतो. वर्षभर चाललेला डोस अचानक जड का झाला, याचं हे उत्तर. ‘माझी शुगर हल्ली आपोआपच छान झाली’ असं म्हणत एखादे आजोबा खुशीत दवाखान्यात येतात तेव्हा मी पेढे घेण्याआधी क्रिएटिनिन करायला पाठवते.

आणि संध्याकाळची गोळी. त्यात ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते, पुढे जेवण असो वा नसो. संकष्टीला ती नेहमीच्या आठ वाजताच घेतली गेली आणि जेवण दहाला झालं. रात्रीचं इन्सुलिन चालू असताना संध्याकाळी ही गोळी हवी की नको हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावंच. पुष्कळदा इन्सुलिन सुरू होतं आणि जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या तशाच पुढे चालत राहतात. कोणाच्या लक्षातच येत नाही.

हे सगळं तुम्ही एका कागदावर लिहून तुमच्या डॉक्टरांकडे नेलंत, ते फार चांगलं केलंत. त्यांनी संध्याकाळची ग्लिमेपिराइड बंद केली, २८ चे २२ केले, आणि मग, तिसऱ्या क्रमांकावर, वेळ सकाळी ८ ची केली. चहाबरोबर. तुमच्या मूळ प्रश्नाचं हे उत्तर: हो, वेळ बदलल्याने मदत होते, पण नुसती वेळ बदलून २८ च ठेवले असते तर घाम रात्री तीनऐवजी दुपारी साडेबाराला, कदाचित बेस्टच्या बसमध्ये फुटला असता.

रात्रीवरून सकाळवर जाताना मधल्या रात्रीचं काय करायचं हे बरेच जण विचारत नाहीत, आणि तिथेच घोटाळा होतो. रात्री १० ला पूर्ण घेतलं आणि दहा तासांनी सकाळी ८ ला परत पूर्ण घेतलं तर दोन डोस एकावर एक चढतात. तुमच्या डॉक्टरांनी त्या एका रात्री अर्धा, म्हणजे ११, आणि सकाळपासून पूर्ण २२ असं सांगितलं. दुसरे डॉक्टर रोज दोन-तीन तास अलीकडे सरकवत आणतात. कोणती पद्धत ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. लहानपणापासूनचा टाइप वन डायबेटिस असलेल्यांनी तर मधला डोस मनाने अजिबात गाळायचा नाही. त्यांच्या अंगात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नसतंच.

एक आधीच सांगून ठेवते. सकाळवर गेल्यावर उपाशीपोटीची शुगर १२०–१३५ दिसायला लागेल. रेघेचा पातळ भाग आणि पहाटेची साखर एकत्र येतात म्हणून. यजमान पोस्टातल्या शिस्तीने लगेच दोन युनिट वाढवायला निघतील. वाढवू देऊ नका. ६४ वर्षं वय, क्रिएटिनिन १.६, आणि रात्री भ्रम होण्याइतकी लो झालेली. अशा माणसाची सकाळची १३० मला ९२ पेक्षा खूप सुंदर दिसते.

दूध-बिस्किट? ज्या रात्री झोपताना शुगर १०० च्या खाली असेल त्या रात्री जरूर द्या. पण रोज नको. इन्सुलिन जास्त आहे म्हणून माणसाला खायला घालायचं, आणि खाल्ल्याने शुगर वाढते म्हणून इन्सुलिन वाढवायचं, या फेऱ्यात मी पाच-पाच किलो वजन वाढलेली माणसं बघितली आहेत.

आणि तो देव्हाऱ्यातला पेढा. देवाचा प्रसाद, मी काही बोलत नाही, पण खव्यातल्या तुपामुळे पेढ्याची साखर रक्तात सावकाश पोचते. उशाशी ग्लुकोज पावडरचा डबा आणि एक चमचा ठेवा. मशीनवर ७० च्या खाली आली की तीन चहाचे चमचे पाण्यात, १५ मिनिटं थांबून परत बघायचं, अजून खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं, कारण लाँग ॲक्टिंग अजून आत चालूच आहे. तासाभराने एकदा पुन्हा बोट टोचा. भान नसेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, साखरपाणीही नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. बेशुद्धीतही शुगर वर आणणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन घरी ठेवायचं का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. ठेवलंत तर कसं द्यायचं ते तुम्ही शिका, यजमान त्या वेळी शिकवायला शुद्धीवर नसतील.

हो, आणि ते रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतात असं तुम्ही म्हणालात. ही गोळी लो शुगरमधली धडधड आणि थरथर दाबून टाकते. माणसाला स्वतःला कळत नाही. घाम मात्र त्या गोळीला दाबता येत नाही. म्हणून तुमचा तो कपाळावरचा हात अगदीच वाया गेलेला नाही. पण आता तासातासाला नको. पहिला आठवडाभर एकदा तीनला मशीन, पुढे आठवड्यातून एकदा, आणि ज्या दिवशी ते संध्याकाळी राणीच्या बागेपर्यंत चालून येतील त्या रात्री. जास्त चालल्याचा परिणाम त्याच संध्याकाळी संपत नाही. स्नायू रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत साखर ओढत राहतात. परवडत असेल तर एकदा दंडावर सतत शुगर मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर लावून घ्या, रात्रीची पूर्ण रेघ कागदावर मिळते. फक्त त्या दंडावर वजन टाकून झोपले तर तो उगाचच ‘लो’ दाखवतो. ओरडला तरी आधी बोट टोचून खात्री करायची.

हे तीनचं वेड मला कुठून लागलं तेही सांगते. शिकाऊ डॉक्टर होते तेव्हा वॉर्डात एक टॅक्सीवाले काका होते. सकाळची शुगर २१०. मी रात्रीचं एनपीएच दोन युनिटनी वाढवलं. दुसऱ्या दिवशी २२०, परत दोन. तिसऱ्या दिवशीही परत दोन. चौथ्या रात्री ड्यूटीवरच्या सिस्टरनी, मी न सांगता, तीनला त्यांची शुगर बघितली. ४४. सकाळी राउंडला त्यांनी तो कागद सरांच्या हातात न देता माझ्या ॲप्रनच्या खिशात घातला. तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की रात्री लो झाली की शरीर उसळी मारून सकाळी शुगर वाढवतं. आता सेन्सरच्या रेघांवरून कळतं की तसं क्वचितच होतं. रात्री लो झालेल्याची सकाळही बहुतेक वेळा खालीच असते. त्या काकांच्या सकाळच्या २१० चं कारण वेगळंच निघालं: लो झाल्यावर ते कोणाला न सांगता उशीखालची केळी खात होते.

प्रश्न : मी ४१ वर्षांची, नर्स आहे, कांदिवलीला राहते. ड्यूटी दर आठवड्याला बदलते: सकाळ, दुपार, रात्र. डॉक्टरांनी ग्लार्जिन ‘झोपताना’ घ्यायला सांगितलंय. रात्रपाळीला मी झोपते सकाळी ११ ला! दोन आठवड्यांपूर्वी पाळी बदलली तेव्हा शुगर ६१ झाली. मी कोणत्या वेळी घेऊ?

उत्तर : ‘झोपताना’ हा शब्द मुंबईत पाळीवर काम करणाऱ्यांसाठी काढूनच टाकायला हवा. ग्लार्जिनला तुमच्या झोपेशी काही देणंघेणं नाही, त्याला चोवीस तासांचं अंतर हवं. रात्री ११ वरून सकाळी ११ ला उडी मारली की बारा तासांत दोन डोस एकावर एक बसतात, आणि परत फिरताना बारा तास उघडे पडतात. तुमची ६१ त्या पहिल्या उडीतली असणार.

तुमच्या तिन्ही पाळ्या कागदावर एकाखाली एक लिहा आणि अशी वेळ शोधा जेव्हा तुम्ही तिन्हींमध्ये जाग्या असता, हात मोकळा असतो आणि लोकलमध्ये उभ्या नसता. माझ्याकडच्या एका सिस्टरांची अशी वेळ संध्याकाळी साडेसहा निघाली. सकाळपाळीला घरी, दुपारपाळीला चहाच्या सुट्टीत, रात्रपाळीला निघण्याआधी. त्या वेळेवर सरकायचं कसं, एका दिवशी किती कमी घ्यायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

अशी वेळ सापडतच नसेल तर डेग्लुडेक नावाचं इन्सुलिन आहे, त्याबद्दल विचारा. ते ४२ तासांपर्यंत रेंगाळतं, त्यामुळे एखाद दिवस वेळ मागेपुढे झाली तरी बिघडत नाही. मात्र दोन डोसांमध्ये किमान आठ तास हवेतच. त्याची दुसरी बाजू अशी, की डोस जास्त झाला तर तेही दोन दिवस रेंगाळतं. आज वाढवलेल्याचा परिणाम तीन-चार दिवसांनी बघायचा, उद्या नाही. आणि विसरला डोस, तर पुढच्या वेळी दुप्पट नाही, कोणत्याही इन्सुलिनचा. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला हे माहीतच आहे. पण स्वतःच्या बाबतीत आपण सगळेच पेशंट होतो.

प्रश्न : मुलुंडहून लिहितो आहे. वडिलांची शुगर रात्री ५८ झाली, चार चमचे साखर पाण्यात दिली, पण पाऊण तास झाला तरी ६५ च्या वर जाईना. साखर काम का करत नव्हती?

उत्तर : त्यांच्या गोळ्यांची पट्टी काढा आणि नाव वाचा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज दिसलं तर उत्तर तिथेच आहे. ही गोळी आतड्यात साखर फोडणाऱ्या यंत्रणेला धीमं करते, म्हणूनच जेवणानंतरची शुगर चढत नाही. पण मग लो झाल्यावर दिलेली साधी साखरही तशीच न फुटता आतड्यात पडून राहते. अशा माणसाला साखर, गूळ, बिस्किट यांचा उपयोग उशिरा होतो. तयार ग्लुकोजच द्यायला लागतं, कारण ते फोडावं लागत नाही. केमिस्टकडे पावडर मिळते. डब्यावर ‘ग्लुकोज’ लिहिलेलं बघून घ्या, ‘ग्लुकोज बिस्किट’ नव्हे, त्यात मैदा आणि साधी साखरच असते. एक डबा घरी, आणि एक छोटी पुडी वडिलांच्या शर्टाच्या खिशात, रेल्वेच्या पासाबरोबर.